ग्रहणातली वांगी

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून गाठ आहे. डोळ्याखालून निघते ती थेट हनुवटीच्या खाली लोंबते, ओठही तिच्याबरोबर ओढला गेलाय. मी रेणापूरला शाळेत गणित शिकवते. मुलांना आठवड्याभरात गाठीची सवय होते, मोठ्यांना जन्मात होत नाही. एसटीत शेजारी बसलेली बाई आधी कुठं उतरणार ते विचारते, मग दुखतं का, आणि मग हमखास, "आईनं गिऱ्हाणात काय चिरलं होतं का?"

आई सोबत असली की उत्तर तीच देते. "हाव. वांगी चिरली होती."

गर्भारपणी ग्रहणात विळी हातात घेतली की बाळात व्यंग येतं, हे आमच्याकडे शिकलेल्यांनाही पटतं. पण कुणीही विचारावं आणि हिनं लगेच कबुली द्यावी, याचा मला भयंकर वीट आलाय. समजावून समजावून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या महिन्यात लातूरला नव्या डॉक्टरांकडे गेलो. गाठ रक्तवाहिन्यांची आहे, काढायला गेलं तर जिवावर बेतेल, हे त्यांनीही सांगितलं. मी मुद्दाम आईसमोर विचारलं, "ग्रहणाचा काही संबंध?"

"अजिबात नाही. मावशी, यात तुमचा काडीचाही दोष नाही."

आईनं मान डोलावली. मला वाटलं, सुटली बिचारी एकदाची.

बसस्टँडवर शेंगा सोलत बसलेल्या एका बाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि आईला तोच प्रश्न विचारला. या वेळी मीच आधी बोलले. "काही चिरलं नव्हतं. आत्ताच डॉक्टरांनी सांगितलं, आईचा काही दोष नाही."

बाई शेंगा सोलायची थांबली आणि माझ्याकडे बोट करून आईला म्हणाली, "मंग हिचंच असंल की मागल्या जल्माचं काहीतरी पाप."

"न्हाई," आई ताडकन म्हणाली. "मीच चिरली. वांगी."

मी संतापले. बसमध्ये बसल्याबरोबर तिच्यावर तुटून पडले. डॉक्टर काय गाढव आहेत का? तुला स्वतःला दोषी म्हणवून घ्यायची हौस आहे का?

आई खिडकीबाहेर बघत होती. "मी कुठं काय चिरलं होतं? त्या दिशी सासूनं मला खोलीतनं हलू दिलं न्हाई. पाण्याचा घोट बी न्हाई दिला."

"मग इतकी वर्षं खोटं का सांगत आलीस?" माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळले.

"हळू बोल," आई म्हणाली. "ती बाई तुला काय म्हणली, ऐकलं न्हाईस का?"