एकाच देवाचे दोन कारकून

लेथ चालू असलं की खाली लोखंडाचा भुगा साठतोच. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण संध्याकाळी बघावं तर टोपलीभर! हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातल्या आमच्या स्टोअर ऑफिसात किश्शांचं तसंच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही वर्षं.

मी जुन्या हुबळीतला. सांगलीकडून आलेलं आमचं किराणा दुकानदारांचं घर. मी गल्ल्यावर बसलो तर दुकान महिन्याभरात उठेल, असं वडिलांचं ठाम मत होतं, म्हणून मी रेल्वेत. माझ्या डाव्या टेबलावर इसाजीराव आवासकर, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. उजव्या टेबलावर योहान साळवे, नगरकडचे ख्रिस्ती आणि आपल्या चर्चमधले मोठे मानकरी. गोदामाच्या किल्ल्या होत्या मुकादम चन्नबसप्पाकडं.

दोघांचा देव एकच, हे दोघांनाही मान्य होतं. भांडण त्याच्या पुढं सुरू व्हायचं. आमच्या घरी तेहतीस कोटी देव, पण त्यांच्यापायी कधी आवाज चढला नाही. यांचा एकच, आणि तो दोघांत पुरत नव्हता!

* * *

एकदा साहेबानं फर्मान काढलं, शनिवार-रविवार बसून सगळ्या मालाची मोजदाद करा. साहेब स्वतः दर रविवारी चर्चला जायचा, पण रेल्वेचं काम देवाच्याही आधी, असा त्याचा पंथ होता.

इसाजीराव म्हणाले, "देवानं सहा दिवस काम केलं आणि शनिवारी विसावा घेतला. मी शनिवारी येत नाही. रविवारी येतो."

साळवे म्हणाले, "आमचा प्रभू रविवारी थडग्यातून उठला. मी रविवारी येत नाही. शनिवारी येतो."

आणि मोजदादीला तर दोघंही एकत्र हवेत! साहेब लालबुंद झाला. "ठीक आहे. सोमवारी!"

चन्नबसप्पानं शांतपणे किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. "साहेब, सोमवार बसवण्णाचा. त्या दिवशी आमच्यात बैलसुद्धा जुंपत नाहीत. मी तर माणूस आहे की!"

मोजदाद मंगळवारी झाली. तो वार कुठल्या देवाचा, हे मी मुद्दामच बोललो नाही.

* * *

साळवेंना एका गोष्टीचं फार वाईट वाटायचं. "इसाजीराव, तारणारा येऊन गेला हो! तुम्ही अजून वाट बघत बसलाय."

"येऊन गेला?" इसाजीरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग प्लॅटफॉर्मवर काय उतरवलं त्यानं? लढाया आहेतच, प्लेग आहेच, वर आपला साहेबही आहे! तारणारा आल्यावर जग असं राहतं होय?"

"ते सगळं दुसऱ्या खेपेला. तो परत येणार आहे."

"म्हणजे तुम्हीपण वाटच बघताय की! मग वेटिंग रूममध्ये एवढी ऐट कशाला? सरका जरा, बसू द्या."

त्या दिवशी साळवेंनी चहा घेतला नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी साळवे पूर्ण तयारीनिशी आले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन असूनही एकच कसे, हे त्यांनी बर्फ, पाणी आणि वाफ घेऊन समजावलं. बॉयलरशेजारी बसणाऱ्या माणसांना वाफेचा दाखला लगेच पटतो. मला तर पटलाच.

इसाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते असू दे. माल सोडायचा झाला तर कागदावर सही कुणाची?"

"तिघांची मिळून एकच."

"हां, म्हणजे रबर स्टँप आहे म्हणा की!"

* * *

साळवेंनी सूड घेतला तो जेवणावरून. इसाजीराव मटण खात, पण त्यावर दूध-दही चालत नसे. मासा खवल्यांचाच. डुक्कर तर नावालाही नको. त्यामुळं बाहेर जेवायची वेळ आली की ते सरळ लिंगायत खानावळीत जात. भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, आणि मनाला शांती! "आमचा धर्म सगळ्यात चोख पाळला जातो तो इथं," असं ते म्हणायचे.

"काय ही गुलामगिरी!" साळवे म्हणाले. "आम्हाला प्रभूनं यातून मोकळं केलं. तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही. आम्हाला सगळं चालतं."

"डुक्कर?"

"छे छे! काहीतरीच काय! आमच्या घरात कुणी शिवतसुद्धा नाही!"

"का बरं? प्रभूनं तर मोकळं केलंय."

साळवेंनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "अहो, गल्लीतले लोक काय म्हणतील?"

प्रभूनं मोकळं केलं होतं. हुबळीनं अजून केलं नव्हतं.

* * *

बेने इस्राएलांचा दारफाळणीचा सण असतो. त्या दिवशी कडक उपास, दारं बंद, आणि देवाजवळ वर्षभराच्या पापांची माफी. पण माणसाचं काही वाकडं केलं असेल, तर ती माफी देव देत नाही. आधी त्या माणसाकडूनच मागून आणावी लागते. म्हणून सणाआधी इसाजीराव ऑफिसभर फिरून माफी मागायचे. चन्नबसप्पा दर वर्षी गोंधळून त्यांच्याच पाया पडायचा.

"किती हा त्रास!" साळवे म्हणाले. "आमच्या प्रभूनं वधस्तंभावर सगळ्यांची पापं एकदम फेडली. क्षमा ही देणगी आहे इसाजीराव, मागत हिंडायची वस्तू नाही!"

"वा! मग मला क्षमा करा. चर्चमधलं तुमचं गाणं ऐकून मी चारचौघांत म्हणालो होतो, आज रविवारी वर्कशॉपचा भोंगा कसा काय वाजला?"

साळवे ताडकन उठले. "ते तुम्ही म्हणालात? ते मी मरेपर्यंत विसरणार नाही!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मला अजूनही भरून येतं.

इसाजीरावांची आई वारली. जाताना तिनं लेकाजवळ एकच मागितलं होतं. वर्षाच्या तिथीला कद्दीश म्हण. कद्दीश म्हणजे मुलानं आईबापांसाठी म्हणायची प्रार्थना, आणि ती म्हणायला त्यांच्याच धर्मातले दहा पुरुष हजर असावे लागतात. नऊ असले तर मुलानं तोंड मिटून बसायचं.

हुबळीत इसाजीरावांना धरून असे नऊच होते. दहावा गदगचा एक गार्ड. तिथीच्या संध्याकाळी त्याची तार आली की ड्युटी लागली, येत नाही. नवांतल्या दोघांची रात्रपाळी होती, सात वाजता ते उठणार होते. इसाजीराव टोपी घालून क्वार्टरच्या दारात उभे होते. आईच्या फोटोकडं त्यांना बघवत नव्हतं.

आम्ही तिघं बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. साळवे म्हणाले, "मी येतो की दहावा."

"नाही चालत, साळवे."

"दहा हवेतच कशाला? आमच्यात दोघं-तिघं जमले तरी देव येतो."

"तुमच्या देवाला सवड असेल. आमच्या देवाला कोरम लागतो."

आता साळवेही पेटले. "बरं, एक सांगा. आत्ता या दारात खुद्द येशू येऊन उभा राहिला, तर त्याला दहावा धराल काय?"

आम्हाला वाटलं, आज इसाजीराव सापडले.

इसाजीराव अगदी सरळ आवाजात म्हणाले, "त्याला धरीन की. यहुदी आईचा मुलगा, सुंता झालेला. तो आमचाच आहे, साळवे. तुम्हाला धरता येत नाही."

साळवेंचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी उचलली, सायकल काढली आणि निघून गेले. चन्नबसप्पा त्यांना समजवायला मागोमाग धावला. मला इसाजीरावांचा राग आला. निदान आजच्या दिवशी तरी जीभ आवरायची होती!

सात वाजायला थोडाच अवकाश होता, तेव्हा साळवे परतले. सायकल हातात धरलेली, कॅरियरवर एक ट्रंक, आणि शेजारी कुणीतरी अनोळखी गृहस्थ. गृहस्थ दारात टोपी सारखी करून म्हणाले, "मी पुण्याचा इस्राएल. बंगळूरला निघालो होतो." आणि आत गेले.

आतून इसाजीरावांचा आवाज ऐकू येऊ लागला, आधी घोगरा, मग मोकळा. साळवे टोपी काढून बाहेर उभे राहिले, शेवटपर्यंत.

चन्नबसप्पा माझ्या कानाशी म्हणाला, "मिरजेकडून आलेल्या गाडीत डब्याडब्यात डोकं घालून ओरडत होते हो, 'कुणी इस्राएल आहे काय? आईचं कार्य अडलंय!' लोकांना वाटलं, कुणाचं वॉरंट निघालंय!"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी इसाजीराव साळवेंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. डोळे भरलेले. "साळवे, मी तुम्हाला इतकं बोललो, तरी हे तुम्ही केलंत?"

साळवेंनी मानसुद्धा वर केली नाही.

"मी कुठं काय केलं? येशू आला तर त्याला दहावा धरीन, असं तुम्हीच म्हणालात ना? काल त्याची ड्युटी होती. बदली माणूस पाठवला."