जीपचे आठ व्हॉल्व्ह आणि रशीदभाई

आज गुरुवार. सकाळी रशीदभाई गेले. बुलढाण्याला, मुलाच्या घरी. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मी आतल्या बायकांमध्ये तासभर बसले आणि ऑटोने देऊळघाटला परत आले.

मला या माणसाचा पन्नासहून जास्त वर्षं हेवा वाटत आला.

आजच्या दिवशी असं लिहू नये, हे कळतं मला. पण तिथे सगळ्या बायका त्यांचं चांगलं सांगत होत्या आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. म्हणून इथे लिहिते.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन या गावात आले. माझ्या यजमानांकडे मिलिटरीतून निघालेली एक जुनी जीप होती. हे तिच्यावर चिखली, मेहकर, लोणार अशा सवाऱ्या करायचे. मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झालं होतं.

रशीदभाई ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. ती ऑइल इंजिनवर चालायची, म्हणून त्यांना इंजिनातलं कळायचं.

दरवर्षी पोळ्याच्या आधी, सवाऱ्या कमी असताना, दोघं आमच्या अंगणात जीप खोलायचे.

मेकॅनिक नाही, गॅरेज नाही. हेड उतरवायचं, कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासायचे, ब्रेक, ग्रीस, सगळं हातानं. चार दिवस चालायचं.

त्या चार दिवसांत हे रशीदभाईंशी जेवढं बोलायचे, तेवढं माझ्याशी वर्षभरात बोलत नसत. माझ्या वाट्याला "हं" आणि "वाढ".

जीपमध्ये पुढची सीटसुद्धा रशीदभाईंची. मी मागे, पोत्यांबरोबर.

लग्नानंतरचा दुसरा पोळा. आदला दिवस.

व्हॉल्व्ह घासून झाले होते. आठ असतात. ज्या जागेचा व्हॉल्व्ह त्याच जागी बसवावा लागतो. म्हणून रशीदभाईंनी माझ्या सुपात ते ओळीने मांडून ठेवले.

"नंबर चुकू देऊ नको बे वसंता. नाही तं इंजिन तुह्या सासऱ्यावानी खोकलत राह्यते."

माझ्या वडिलांना दमा होता.

हे हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग हे बैल धुवायला नदीवर गेले आणि रशीदभाई नमाजला. अंगणात मी एकटी.

मी सूप उचललं. धान्य पाखडतो तसं दोनदा झटकलं. आठही व्हॉल्व्ह एका कोपऱ्यात गोळा झाले. मग हाताला येतील तसे ते पुन्हा ओळीत लावून ठेवले.

चुकून नाही झालं. मुद्दाम केलं. उद्या जीप खोकेल, दोघं भांडतील, आणि रशीदभाईंचं येणं बंद होईल, एवढाच विचार होता.

रशीदभाई आधी परत आले. एक व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरला. दुसरा उचलला. मग माझ्या हातांकडे पाहिलं. बोटं काळी झाली होती. मी पदरात लपवली.

त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह परत सुपात ठेवले.

हे आल्यावर रशीदभाई म्हणाले, "वसंता, माह्या हातून सूप पडलं बे. सारे मिसळले. पुन्हा घासा लागते."

"डोये फुटले का तुहे? परवा लोणारची सवारी हाय!"

"हाव, फुटले. आता मी ब्रेक पाह्यतो. व्हॉल्व्हले भाबीले बसव. रोज रवी फिरवते, हे बी तसंच हाय."

"बाईमाणूस इंजिनले हात लावीन?"

"काऊन? इंजिन बाटते का?"

अशी मी पहिल्यांदा ह्यांच्या शेजारी जीपपाशी बसले.

काठीच्या टोकाला रबराची वाटी, तिला व्हॉल्व्ह चिकटवायचा, खाली पेस्ट लावायची आणि काठी दोन तळव्यांत धरून पुढे-मागे फिरवायची. ताक घुसळतात अगदी तसं. हे पेन्सिलने व्हॉल्व्हवर रेघा ओढायचे. त्या सगळीकडून सारख्या पुसल्या की व्हॉल्व्ह बसला.

"हळू. दाबू नको. आवाज आयक," हे म्हणाले आणि माझं मनगट धरलं.

दिवस मावळेपर्यंत आम्ही बसलो होतो. शेवटचा व्हॉल्व्ह पाहून म्हणाले, "रशीदपेक्षा साफ बसला बे हा."

मला "बे" म्हणाले. दोस्ताला म्हणतात तसं.

माझ्या संसारातली ती सगळ्यात चांगली दुपार. रशीदभाई तेवढा वेळ जीपच्या पलीकडे चाकाशी होते. एकदाही आमच्या बाजूला आले नाहीत.

पुढे दरवर्षी व्हॉल्व्ह मीच घासले.

पण नवऱ्याशेजारची ती जागा मला रशीदभाईंनी दिली होती. माझा गुन्हा अंगावर घेऊन दिली होती. ह्यांनी आपणहून कधी बोलावलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही.

त्यानंतर हेवा कमी झाला नाही. वाढला.

ते ह्यांना सांगून टाकतील, याची मी किती वर्षं वाट पाहिली. त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

तीन वर्षांपूर्वी हे शेवटचे दवाखान्यात होते. मी पाय चेपत होते. डोळे उघडून विचारलं, "रशीद आला का?"

आज रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तेही खरंच लिहिते. आता तिकडे पुन्हा ते दोघंच. मी पोचेपर्यंत ह्यांच्या शेजारची जागा रशीदभाईच धरून बसणार.

रशीदभाई, सूप तुमच्या हातून पडलं नव्हतं. ते मी झटकलं होतं, हे आज इथे चारचौघांत लिहून टाकलं. भाबीचा सलाम घ्या.

लिहिता लिहिता नळ आला. आठ दिवसांनी आला. उठून टाकी भरली, दोन हंडे भरले, आणि पाइप गुंडाळून ठेवला.