केरीची नऊ विमानं आणि मी कापलेले दोन गुण

मी गणिताची शिक्षिका आहे. कुठल्याही गोष्टीला गुण दिल्याशिवाय ती पाहिल्यासारखं मला वाटत नाही. बेंगळुरूजवळ येलहंक्याच्या विमानप्रदर्शनाला दोनदा जाऊन, उन्हात मान मोडेपर्यंत वर बघून मी तीन देशांच्या विमानांना गुण देऊन आले आहे. ब्रिटिशांची लाल विमानं फारच नीटनेटकी, इस्त्रीच्या कपड्यांसारखी, म्हणून दहापैकी साडेआठ. रशियनांची अवाढव्य लढाऊ विमानं म्हणजे गिरक्या घेणारे ट्रक. आवाजाला दहा, शिस्तीला सहा. आपल्या नऊ विमानांच्या तुकडीला मी साडेनऊ दिले होते, आणि अर्धा गुण पुढे सुधारायला जागा राहावी म्हणून राखून ठेवला होता. वैमानिकांना हे कळलं असतं तर केवढा आधार वाटला असता!

तर हीच तुकडी पेडण्यात केरीच्या समुद्रावर कसरती करणार अशी बातमी आली आणि मी डिचोलीतल्या घरी जाहीर केलं की मी जाणार. कोणी अडवलं नाही. कोणी सोबतही आलं नाही.

मला बरोबर एक तज्ज्ञ हवा होता, आणि तो घरातलाच होता. माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, हवाई दलात एकवीस वर्षं विमानं उडायला तयार करून देत होते. वैमानिकाला आसनात बसवायचं, पट्टे आवळायचे, आसनाच्या सुरक्षेच्या पिना काढायच्या, हात दाखवून विमान सोडायचं. निवृत्त होऊन आता पेडण्यात सुपारी आणि दोन म्हशी सांभाळतात. गंमत म्हणजे निवृत्तीनंतर त्यांनी एकही कसरत पाहिलेली नाही. टीव्हीवर लागली तरी उठून गोठ्यात जातात.

"ओडून व्हरूं नाका गो तांकां," ताई फोनवर म्हणाली, म्हणजे त्यांना ओढून नेऊ नकोस. मी अर्थातच ऐकलं नाही. तज्ज्ञ माणूस म्हशींमध्ये वाया चाललाय, असं माझं ठाम मत होतं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. गोव्यात केरी दोन आहेत. नकाशात नुसतं "केरी" टाकलंत तर तो तुम्हांला वाळपईच्या बाजूच्या सत्तरीतल्या केरीला सुखरूप पोचवेल. तिथे डोंगर उत्तम आहेत, समुद्र मात्र शोधावा लागेल. आपल्याला अस्नोडा, कोलवाळ, पेडणे, हरमल असं जायचं. डिचोलीहून दीड तास लागतो, आणि हरमलला भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक रस्त्याच्या मधोमध आत्मशोध घेत असतील तर दोन.

पेडण्यात भावोजी पांढरा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. इतक्या सहज तयार कसे झाले, ते मी विचारलं नाही. बाजारातल्या हॉटेलात मी पातळभाजी, पाव आणि मिरचीची भजी खाल्ली. भावोजींनी नुसता चहा घेतला. "म्हाका मागीर," म्हणजे मला नंतर, म्हणाले. मी त्यांचा पाव-भाजीचा पुडा बांधून घेतला.

केरीला गाडी लावायला एका माडाच्या बागेत शंभर रुपये घेतात. त्यात सावली येते, डोक्यावर नारळ पडणार नाही याची हमी येत नाही. किनाऱ्यावर मंडप होता, मंडपात सोफे होते आणि सोफ्यांवर ज्यांना विमानात काडीचा रस नाही अशी सगळी माणसं होती. आम्ही वाळूवर उभे राहिलो. आधी गावकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, त्यात पुढाऱ्यांची नावं देवांपेक्षा जास्त निघाली. मग प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि भाषणाला उभे राहिले. पण विमानं ठरलेल्या मिनिटाला दाबोळीच्या विमानतळावरून आली आणि विकासाची गंगा आवाजात वाहून गेली. हवाई दलाबद्दलचा माझा आदर तिथेच दुणावला.

कसरती वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते. नऊ विमानं बाणाच्या आकारात तेरेखोलच्या किल्ल्यावरून आली, एकमेकांना अगदी चिकटून. बाजूला पेडण्यात बांधकामावर असलेले कोल्हापूरकडचे पाचसहाजण होते.

"आयला, किती चिकटून चाललीत रं!" एकजण म्हणाला.

"आणि आपल्याला एक भिंत सरळ येईना," दुसरा म्हणाला.

मी वहीत लिहीत होते. गिरकी नऊ. धूर साडेनऊ. भावोजी मात्र आकाशाकडे बघत नव्हतेच म्हणावं, इतके ते एका जागी स्थिर बघत होते. ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय.

शेवटी सगळी विमानं समुद्राकडून परत एकत्र आली आणि डोक्यावरून गेली. रांगेत उजवीकडे एक जागा मोकळी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहिलं: शेवटची रचना अपूर्ण, दोन गुण वजा.

"आठ," भावोजी म्हणाले. "आठूच आयलीं."

"मुद्दाम सोडतात ती जागा कधीकधी," मी तज्ज्ञाला समजावून सांगितलं.

"तो जागो कित्याक रिकामो दवरतात, खबर आसा तुका?"

मला माहीत होतं. मेलेल्या साथीदारासाठी सोडतात. मी वही मिटली.

ध्वनिक्षेपकावरून कोणीतरी चहापानाचं निमंत्रण देत होतं. नवव्या विमानाबद्दल अक्षर नाही. भावोजींनी दाबोळीला नोकरीत असलेल्या जुन्या सहकाऱ्याला, नायरला, फोन लावला. लागला नाही. हजारो माणसं एकाच वेळी आपापले व्हिडिओ पाठवत होती. भावोजी पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत होते. या माणसाला मी बैलाच्या शिंगापुढेही घाबरलेलं पाहिलेलं नाही.

"पलतडी वचूया," ते म्हणाले. "थंय रेंज गावता."

नदीपलीकडे नेणारी तेरेखोलची फेरीबोट अर्ध्या तासाने सुटते, म्हणजे तिच्या मनात येईल तेव्हा. पायी माणसाला तिकीट नाही. बोटीत कठड्याला धरून उभे असताना भावोजी माझ्याकडे न बघता बोलले.

"एकदां एका पोराक हांवें बसयलो. पट्टे बांदले. पिन काडली, ताका दाखयली. तो हांसलो. विमान परत आयलें म्हणटकच ती पिन परत घालची पडटा." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "सांजवेळा ती पिन म्हज्या बोल्सांतच आशिल्ली."

बोल्स म्हणजे आमच्याकडे खिसा. पिन परत घालायला विमान आलंच नव्हतं.

तेरेखोलच्या धक्क्यावर महाराष्ट्राच्या बाजूची रेंज आली. फोन तिसऱ्यांदा लागला. भावोजींनी स्पीकर लावून फोन दोन्ही हातांत धरला.

"सब नीचे हैं," नायर ओरडून सांगत होता. "नौ के नौ! एक में वॉर्निंग की बत्ती जली थी, बीच में लौट आया. तू देखने गया था क्या? सच?"

भावोजी तिथेच पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "दी तो पाव."

भाजी थंड झाली होती, पाव चिवट झाला होता. त्यांनी सगळं खाल्लं, पुड्याचा कागदही पुसून. किल्ल्याकडे आम्ही गेलोच नाही, तेव्हा किल्ल्याची माहिती कृपया दुसरीकडे वाचा.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, मग आज का आलात? ते म्हणाले, वर्षानुवर्षं विमानं सोडली, ती लोकांना कशी दिसतात ते एकदा बघायचं होतं. ती त्यांना दिसली असतील असं मला वाटत नाही. एकवीस वर्षं त्यांनी परत येणारी विमानं मोजली होती आणि त्या सकाळीही तेवढंच केलं होतं. मला माझ्या गुणांची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

घरी आल्यावर सवयीने कसरतींचे व्हिडिओ लावून पुन्हा तुलनेला बसले. ब्रिटिश, रशियन, इटालियन, आपले. कसरती एकाहून एक आहेत, पण शेवटची टाळी पडली की प्रत्येकाचा कॅमेरा बंद. विमानं उतरताना कोणी दाखवतच नाही. परवा एका व्हिडिओखाली मी विचारलं, "सगळी उतरली का?" अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. मी रोज बघते.