माझ्या बाजूचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. आमच्या मलकापुरातला मेकॅनिक दर सहा महिन्यांनी माझ्या बाजूच्या ब्रेकचं रबर बदलतो आणि म्हणतो, "हवालदार, ह्या बाजूला बसून तुमीच गाडी चालवताय का काय?" त्याला काय सांगायचं! ते रबर झिजवणाऱ्या प्रत्येक माणसाचा एकेक किस्सा माझ्याकडं साठलाय. नाही सांगितले तर पोट फुगतं, म्हणून सांगतो.

अठरा वर्षं फौजेत ट्रक चालवले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वर बर्फ. कधी घाम फुटला नाही. रिटायर झालो, जुनी छोटी गाडी घेतली, पुढं-मागं लाल 'एल' चिकटवला आणि पहिल्याच आठवड्यात शर्ट पिळून वाळत घालायची पाळी आली!

* * *

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचे गुरुजी. प्राथमिक शाळेतनं रिटायर, वय त्रेसष्ट. मी म्हटलं, "गुरुजी, आता ह्या वयात गाडी?"

"जन्मभर पोरांना पहिलीत बसवलं," गुरुजी म्हणाले. "आता दरवर्षी मी बसतो. गेल्या वर्षी पेटी शिकलो, औंदा गाडी."

त्यांनी दोनशे पानी वही आणली होती. क्लच, ब्रेक, गिअर, सगळ्याच्या आकृत्या पेन्सिलीनं आणि नावं लाल पेनानं. तोंडी परीक्षेत त्यांनी मलाच नापास केलं असतं. पण एक दिवस गाडी भर चौकात बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं लग्नाची बस, सगळे हॉर्न एकदम चालू. गुरुजींनी शांतपणे मागच्या सीटवरची वही घेतली, चष्मा चढवला आणि पानं उलटायला लागले.

"गुरुजी, आवं काय करताय?"

"थांबा हो जरा! 'गाडी बंद पडल्यास' हे पान सापडंना!"

* * *

मग शालनवहिनी आल्या. वय सत्तेचाळीस, जवळच्याच गावच्या. घरची उसाची शेती, मुलगा फौजेत, मालक साखर कारखान्यात पाळीवर. पहिल्या दिवशी त्यांनी क्लच सोडला तशी गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि माझ्या तोंडातनं फौजी आवाज सुटला, "अरे क्या कर रहे हो! क्लच! क्लच!"

वहिनींनी गाडी बंद केली. चावी काढून माझ्या हातावर ठेवली, पिशवी उचलली आणि रस्त्यानं चालायला लागल्या. मी मागनं पळत. "वहिनी, आवं निघाला कुठं?"

"भावजी, वरडणं घरी सासऱ्याकडनं फुकट मिळतंय. फी भरून कशाला ऐकू?"

संध्याकाळी हे गुरुजींना सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "हवालदार, ओरडलं की पोरगं चूक सोडत नाही, चूक लपवतं." खरं सांगतो, कानशिलं गरम झाली. फौजेत मला कुणी न ओरडता काही शिकवलंच नव्हतं, मला तरी दुसरं कसं येणार? वहिनींना फोन केला आणि "चुकलं" म्हणालो. त्या दिवसापासनं ओरडणं बंद. म्हणजे तोंडानं बंद. पाय ब्रेकवर ओरडतोच!

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारात हजर.

"तुमच्यासाठी न्हाई आले," त्या म्हणाल्या. "माझी शाळा नववीतनं सुटली. का, तर शाळा सहा किलोमीटर लांब. आता माझी धाकटी, प्राची, दहावी झालीया. कॉलेज कराडात, आन् गावात येणारी सकाळची यष्टी बंद झाली. पोराची व्हॅन गोठ्यात ताडपत्रीखाली उभी हाय, चालवायला घरात माणूस न्हाई. दोन महिन्यांत कॉलेज सुरू हुतंय. तवर मला शिकवा, न्हाईतर माझी पोरगी बी माझ्यावानी घरी बसंल."

मी गाडीचं दार उघडून दिलं.

* * *

त्याच बॅचला बिराप्पामामा होते. मूळचे कवठे महांकाळकडचे, जन्म मेंढरांमागं गेलेला. चाऱ्यासाठी कळप घेऊन आमच्या शिवारात उतरले होते. पोरांनी पिकअप घेतली, तर मामा म्हणाले, "मेंढरं माजी, मग गाडी बी मीच चालवणार!"

रिव्हर्स शिकायला लोकांना पंधरा दिवस लागतात. मामांना एक दिवस लागला. मी चकित! मामा म्हणाले, "त्यात काय हाय? मेंढरं वळीवताना मागंच बघायचं असतंय. म्होरची आपली जात्यात."

एकदा गाडी मामांच्या हातात होती आणि दुसऱ्याच कुणाचा कळप रस्त्यात आडवा आला. दोन्ही बाजूला गाड्यांची रांग, सगळे हॉर्न बडवतायत आणि मेंढरं घाबरून तिथंच गोल फिरतायत. मामांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि एक शीळ घातली. अख्खा कळप एका रांगेत कडेला! रस्ता मोकळा झाला, गाड्या निघाल्या. फक्त आमची गाडी जागच्या जागी. मामा कळपवाल्याबरोबर बांधावर बसून तंबाखू मळत होते. मी हाका मारून दमलो.

"आलो रं! पावनं गावाकडचं निघालं!"

* * *

शालनवहिनींचा हात पंधरा दिवसांत बसला. वळण झकास, गिअर झकास. अडचण एकच. रस्त्यात वडीलधारं माणूस दिसलं, की त्यांचा डावा हात ष्टेरिंग सोडून पदराला जायचा आणि पदर डोक्यावर! हात वर गेला की गाडी उजवीकडं. माझं निम्मं रबर ह्यातच गेलं. दोन वेळा तर आम्ही थेट उसात घुसलो.

आणि हॉर्न? मोठ्या माणसाला हॉर्न द्यायचा म्हणजे तोंडावर "हो बाजूला" म्हणायचं, असं त्यांचं मत. एका काठीवाल्या आजोबांच्या मागनं आम्ही पहिल्या गिअरमध्ये अर्धा किलोमीटर गेलो. आजोबा त्यांच्या घरात शिरले, तेव्हा आमची सुटका झाली.

गुरुजींनी उपाय काढला. पदर आधीच डोक्यावर घ्यायचा आणि चार पिना लावायच्या. लावल्या. म्हातारं दिसलं, हात गेलाच! पदर जागेवर आहे का, ते बघायला!

"तीस वर्षांची सवय हाय, भावजी," वहिनी रडकुंडीला आल्या. "मी न्हाई हात नेत, हात आपला आपण जातोय!"

आणि व्हायचं तेच झालं. टेस्टच्या दिवशी मैदानाच्या कडेला कुणाचे तरी वडील धोतर-टोपीत उभे होते. हात गेला, गाडी वळणाच्या खुणेला ठेवलेल्या ड्रमवर. टेस्ट घेणाऱ्या आरटीओ साहेबांनी विचारलं, "मधेच हात का सोडला?" वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "म्हातारं माणूस हुतं, साहेब." नापास! दुसऱ्या टेस्टला आठ दिवस आणि कॉलेजला दहा.

तसेच घरी निघालो. मागच्या सीटवर बिराप्पामामा बसले होते. निम्म्या वाटेत ते म्हणाले, "हवालदार, मेंढरू बुजत असंल, तर त्येला मारून भागत न्हाई. त्येच्या म्होरचं कुत्रं हलवाय लागतंय. हात थांबत न्हाई न्हवं? मग म्हातारं हलवा की!"

* * *

आता म्हातारं हलवायचं म्हणजे काय खायचं काम? वहिनींचे सासरे आबा म्हणजे फौजेतले रिटायर सुभेदार. वय शहात्तर, मिशीला पीळ. रोज सकाळी गावच्या पारावर चार म्हाताऱ्यांना घेऊन बसायचे. त्या पारावरनंच रस्ता, त्यामुळं वहिनी गावात सराव करायलाच तयार नव्हत्या. आणि मी हवालदार! माणूस रिटायर होतो, रँक होत नाही.

तरी गेलो. पाराखाली सावधानमध्ये उभा राहिलो. "राम राम, साब!" सगळं सांगितलं. हात, पदर, ड्रम, प्राची.

आबांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "म्हंजे सुनेनं सासऱ्याचा मान ठेवू ने, असं म्हननं हाय तुजं?"

"न्हाई साब. मान ठेवत्यात म्हणूनच नापास होत्यात."

आबांनी मिशीला पीळ दिला. मग विचारलं, "गाडी कवा जाती हिकडनं?"

"सकाळी सातला, साब."

"जावा आता."

मला वाटलं, झालं! उद्यापासनं वहिनींची शिकवणी बंद. त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

सकाळी वहिनींना कसंबसं राजी केलं. पार जवळ आला. पाचही म्हातारे बसलेले, मधोमध आबा. वहिनींचा हात ष्टेरिंगवरनं सुटला, माझा पाय ब्रेकवर गेला, आणि तेवढ्यात आबा उठले. काठी आपटली आणि शिवार दणाणून सोडलं.

"परेऽऽड! पीछे मुड!"

चारही म्हातारे उठले आणि उसाकडं तोंड करून उभे! एकाच्या हातात चहाची बशी तशीच. एकाला कमी ऐकू येतं, तो गोल फिरून परत आमच्याकडंच तोंड करून उभा राहिला. आबांनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि मग स्वतः पाठ फिरवली.

वहिनींचा हात वाटेतच थांबला. बघणारं कुणी नव्हतंच! हात परत ष्टेरिंगवर आला आणि गाडी सरळ पुढं गेली. वळणाच्या पलीकडं आम्ही गाडी थांबवली. मी पोट धरून हसत होतो आणि वहिनी रडत होत्या. मग त्या हसायला लागल्या आणि माझेच डोळे भरले.

टेस्टपर्यंत रोज सकाळी ही परेड झाली. दुसऱ्या टेस्टलाही मैदानात कुणीतरी म्हातारं होतंच. हात हलला नाही. पास! सुटलो बाबा एकदाचा! गुरुजींनी कंदी पेढे वाटले आणि वहीत नवं पान घातलं. मथळा होता, 'म्हातारं आडवं आल्यास'.

* * *

कॉलेजचा पहिला दिवस. ताडपत्री निघाली, व्हॅन धुतली, बोनेटवर हळदी-कुंकू. मागं प्राची आणि तिच्या तीन मैत्रिणी, पुढं मी. वहिनी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तेवढं बसा, भावजी." बसलो. आणि बसल्यावर ध्यानात आलं, ह्या गाडीला माझ्या बाजूला ब्रेकच नाही!

पार आला. आता हुकमाची गरज नव्हती, गाडी दिसताच चारही म्हातारे आपणहून वळले. पण पाचवा पारावर नव्हता. आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. टोपी सरळ, काठी हातात, आणि तोंड आमच्याकडं.

माझा पाय नसलेला ब्रेक शोधायला लागला. वहिनींनी गाडी दहा पावलांवर थांबवली. त्यांचे दोन्ही हात ष्टेरिंगवरच होते. आबा हलेनात. वहिनी हलेनात. मागनं प्राची हळूच म्हणाली, "आई, उशीर होतोय गं."

आबांनी काठी आपटली.

"बघत काय बसलीस? हॉर्न दे की! पोरींचं कॉलेज हाय!"

आणि शालनवहिनींनी हॉर्न दिला. चांगला लांबलचक!