सुपडूची धुतलेली टाकी

देवपुरातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. तेव्हा शेजारच्या सुपडूची ही हकिगत पक्की समजा.

सुपडू विहिरीत उतरणारा. पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह गाळात अडकला की रावेरपर्यंतचे केळीवाले त्यालाच बोलवायचे. पण पन्नाशी आली आणि दम पुरेना. बुडी मारली की खोकतच वर यायचा. तेव्हा मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या त्याच्या साडूने, अभिमनने, अडुसष्ट साली पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर बांधायची जुनी पोलादी हवेची टाकी मिळवून दिली. हवा भरायला मुंबईलाच न्यायची. अभिमनने बजावलं होतं, "हवा पार संपवू नको. आणि वरचा व्हॉल्व्ह खोलू नको. पाण्याचा थेंब आत गेला की टाकी गेली."

सुपडू पुन्हा विहिरीच्या तळाला जायला लागला. टाकी उशाशी घेऊन झोपायचा. मी त्याच्या बायकोला चिडवायचो, "बेबावहिनी, सवत गोरी नाही, पण वजनदार आहे!"

"नाना, तुमच्या तोंडालेच व्हॉल्व्ह बसाडा!"

मग दसरा आला. पूजेआधी आमच्याकडे हत्यारं धुतात. सुपडूचे दोर, गळ, नटबोल्टाचे पाने, सगळं पांझरा नदीवर धुवून झालं. टाकी त्याने वरवर पुसली. बेबाबाई अडून बसली.

"बठ्ठं धुवायनं, हाईच कशी राह्यनी?"

"आत कोन देखस?"

"देव देखस!"

देवापुढे सुपडूचं काय चालणार? उरलीसुरली हवा सोडून त्याने व्हॉल्व्ह काढला, आत नदीचं पाणी खळखळवलं, टाकी उलटी केली, व्हॉल्व्ह घट्ट बसवला. वरून कुंकू. मी झेंडूची माळही घातली आणि म्हणालो, "सवतीची ओटी भरा आता!" सगळे हसले.

टाकी तशीच कोपऱ्यात राहिली. उन्हाळ्याच्या तोंडावर केळीवाल्यांचे निरोप यायला लागले, तेव्हा सुपडू ती भरायला मुंबईला गेला. तिथल्या माणसाने ती हलवली तर आत खुळखुळलं. व्हॉल्व्ह काढून त्याने आत बारका दिवा सोडला. लाल गंजाचे पोपडे.

"भरताना फुटेल. माझ्यासकट."

"अर्धी तरी भरा, साहेब."

"पावसुद्धा नाही."

रिकामी टाकी खांद्यावर घेऊन तो परतला. दुसऱ्याच दिवशी रावेरचे लीलाधर पाटील दारात हजर. "सुपडूभाऊ, चला. बाग वाळतेय."

सुपडू सवयीने उठला. दोर घेतला, गळ घेतला, टाकीला हात घातला आणि तिथेच थांबला. "आबा," तो म्हणाला, "मन्हा दम नही पुरत." पाटील आल्या पावली परत गेले. माझ्या तोंडात एक चावट वाक्य आलं होतं. ते मी गिळलं.

बेबाबाई अजून रोज टाकी उन्हात उपडी ठेवते. तोंडाशी पदराचं टोक घालून पुसते.

"वाळनी म्हंजे व्हई ना बरी, नाना?"

मी म्हणतो, "होईल, वहिनी." दुसरं काय म्हणू?