जुलैत समुद्रावर गेलेला तांडेल

मंडळी, सकाळपासून डोक्यात एकच कागद घोळतोय.

मी रत्नागिरीत व्हिसा-इमिग्रेशनची वकिली करते. आज एक तांडेल आला, वीस वर्षं बोट चालवणारा. परदेशातल्या मासेमारी कंपनीत नोकरी लागलेली. सोबत बोटमालकाचं अनुभवपत्र, इंग्रजीत, चांगलं दोन पानी. आमचे बोटमालक दोन ओळी लिहायला महिना लावतात. तिथेच मला शंका आली.

पत्रात होतं, 'गेल्या जुलैत रोज समुद्रावर जात होता.'

म्हटलं, "दादा, जुलैत मासेमारीला बंदी. तुमची बोट तेव्हा किनाऱ्यावर झाकून ठेवलेली असते ना?"

तो ओशाळला. "एजंटाने करून दिलंन. मी वाचलंच नाय. पण मॅडम, तिकडच्या सायबाला काय कळतंय आमचा पावसाळा?"

त्याच्या तळहातांवर दोरीचे घट्टे होते. तांडेल खरा होता, पत्रच खोटं होतं. मालकाकडून खरं पत्र आणायला सांगून त्याला पाठवलं.

मग जुन्या फायली काढल्या. तीन वेगळ्या बोटमालकांची तीन पत्रं, आणि तिन्हींत जुलैचं तेच वाक्य. तिन्ही अर्ज मीच पाठवले होते. मंजूरही झालेत.

तिकडच्या साहेबाला पावसाळा माहीत नव्हता. मला तर होता ना?