पाटलांना धाडलेला राजीनामा

कोलशेतच्या एका पाटलांकडे मी कारकून होतो. तिथे माझे वय एकोणिसाचे बावीस झाले. अक्कल मात्र एकोणिसावरच थांबली होती. खाडीच्या काठाने पाटलांची मिठागरे होती. मीठ तयार झाले की त्याच्या राशी घालायच्या, सरकारी परवाना आला की ते पडावात भरायचे आणि भरतीच्या पाण्याबरोबर पडाव कल्याणच्या बंदराला लावून द्यायचा, असा धंदा. त्यात माझे काम कागदाचे. आठवडाभर मी पाटलांच्याच पडवीत राहायचो आणि रविवारी चालत ठाण्यातल्या नौपाड्याला आईकडे जायचो.

पाटलांना लिहिता-वाचता येत नसे. सहीच्या जागी ते नांगराची निशाणी काढत, आणि तीही अशी ठसठशीत की वरच्या माझ्या मोडी ओळी तिच्यापुढे मुंग्यांची रांग वाटावी. आलेले प्रत्येक पत्र मी मोठ्याने वाचायचे, पाटलांनी तिथल्या तिथे उत्तर सांगायचे, मी ते लिहायचे, असा शिरस्ता होता. टपालाचा शिपाई मंगळवारी आणि शुक्रवारी ठाण्याहून चालत येई. त्या दिवशी ओसरीवर माणसे जमत. जाळे विणणारे जाळे घेऊन येत, पाटलीणबाई सुकट निवडायला सूप घेऊन बसत. पाटलांना पत्राच्या मजकुरापेक्षा मायना प्रिय. 'राजमान्य राजेश्री' सुरू झाले की ते डोळे मिटून घेत आणि संपले की म्हणत, "परत वाच."

हे सगळे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केले ते हे सगळे ठाऊक असताना केले.

झाले असे, की मीठ वाहणाऱ्या आगगाडीच्या वाघिणींची चौकशी करायला पाटलांनी मला कल्याणच्या स्टेशनात पाठवले. तिथे माझ्याच वयाचा एक तारमास्तर खुर्चीवर बसला होता. बोटाखाली पितळेचे यंत्र कट्कट् करत होते. थोड्या वेळाने यंत्र आपले आपणच वाजू लागले. तो म्हणाला, "इगतपुरीहून उत्तर आलं." मी दाराशी तोंड उघडे टाकून उभा. आमचे पत्र टपालाने कोलशेतहून ठाण्याला जायला दीड दिवस लागे, आणि हा गृहस्थ बसल्या जागी घाट चढून उतरला होता!

"हे शिकायला काय लागतं?" मी विचारले.

"इंग्रजी. निदान चार इयत्ता," तो मान वर न करता म्हणाला.

माझे इंग्रजी म्हणजे मीठ खात्याच्या पावतीवरचा शिक्का कोणत्या बाजूने सरळ असतो एवढेच. मी तडक तिथल्या इंग्रजी शाळेत गेलो. मुख्य मास्तरांनी मला पायांपासून पाहायला सुरुवात केली आणि मिशांपाशी थांबले.

"मुलाला घालायचंय?"

"नाही, मलाच."

"पहिल्या इयत्तेत सगळ्यांत थोरला मुलगा दहा वर्षांचा आहे."

"मी मागे बसेन."

"मागेच बसावं लागेल. पुढे बसलात तर फळा कुणाला दिसणार?" मग हसू आवरून म्हणाले, "दिवाळीची सुटी संपून येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी शाळा उघडते. त्या दिवशी आलात तर घेतो. मागाहून आलात तर पुढच्या वर्षी."

राहायला कल्याणात मावशी होती. आईनेही हरकत घेतली नाही. उरले पाटलांना सांगणे.

मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हटले, "पाटील, एक बोलायचं होतं." पाटलांनी माझ्या हातात ताजा जिताडा मासा ठेवला. "आयेला दे. लय दिस झाले, काय धाडलं नाय." जिताडा हातात घेऊन नोकरी कशी सोडायची? दुसऱ्या वेळी ते बांधाला पडलेले भगदाड बुजवत कमरेभर चिखलात होते. चिखलातूनच ओरडले, "बोल, काय?" मी म्हटले, "जपून." तिसऱ्या वेळी त्यांनी मला स्वतःच विचारले, "काय रं, पोटात दुखतं का? तोंड आसं का?" मी म्हटले, हो, दुखतं. पाटलीणबाईंनी कसलासा कडू काढा पाजला आणि सोमवार आणखी एका दिवसाने जवळ आला.

मग मला युक्ती सुचली. तोंडाने जमत नाही ना? मग लिहावे. लिहिण्यात आपला हात कोण धरतो! रविवारी नौपाड्यात बसून मी दोन ताव खर्ची घातले. मायना असा लिहिला की एखाद्या संस्थानिकाला शोभावा. मजकुरात 'सेवकाचे चित्त विद्यार्जनाकडे ओढ घेत असल्याकारणे' वगैरे होते. पाकीट टपालाच्या पेटीत टाकले आणि हलक्या अंगाने घरी येऊन आईला सांगितले, "पाटलांना कळवलं बघ. पत्र लिहिलं."

"पत्र? पाटलांना?"

"हो. चांगलं दोन ताव."

आई पोळपाट-लाटणे बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा रे बाबा शाळेत. तुला फार गरज आहे." मी तो आशीर्वाद समजलो आणि वाकून नमस्कारसुद्धा केला.

मंगळवारी शिपाई आला. एकच पाकीट होते. पाटलांनी ते घेतले, नेहमीसारखे कपाळाला लावले आणि माझ्या मांडीवर टाकले.

"वाच."

आईचे वाक्य मला तेव्हा समजले.

मी पाकीट फोडले. मायना सुरू केला. पाटलांनी डोळे मिटले. "कुनाचं रं? सरदाराचं वाटतं. परत वाच." मी परत वाचला. मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा वाचला. पाटलीणबाई सुपातून मान वर करून म्हणाल्या, "कारकून, आज मायन्यातच सांज करता का वो?"

पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. आणि मग ती सुटली ती भलतीकडेच.

"कल्याणच्या एका शेठजींचं पत्र आहे," मी म्हटले. "त्यांचा कारकून म्हणतो, नोकरी सोडतो आणि इंग्रजी शाळेत बसतो. शेठजींना पेच पडलाय. पाटलांचा सल्ला मागतात."

"वय काय त्या कारकुनाचं?"

"बावीस."

"बावीस!" जाळेवाल्यांपैकी एक खिदळला. "पोरं मास्तर समजून त्याच्याच पाया परतील!"

ओसरी हसली. मीही हसलो, मला वाटते सगळ्यांत मोठ्याने मीच.

"शिकून काय करनार हाय?" पाटलांनी विचारले.

"आगगाडीची तार पाठवणार."

"आनि कामाला कसा हाय तो?"

आता इथे तरी गप्प बसावे की नाही? पण मी कागदाकडे बघून म्हटले, "शेठजी लिहितात, फार हुशार. मनाचा निर्मळ."

"आसं लिवलंय?" पाटील म्हणाले. "शेठजीला मानसाची पारख नाय. बरं, घे कागुद. लिव."

मी बोरू शाईत बुडवला. पाटील सांगू लागले, "त्या कारकुनाला म्हनावं, ज्याच्या पडवीत तीन वरसं राहिलास, त्याला तोंडानं सांगायला तुला जमलं नाय. तर तारंनं तू लोकांना काय सांगनार हायस?"

'तीन वरसं' लिहून माझा हात थांबला. तीन वर्षांचे मी काही वाचले नव्हते. पडवीचे तर नव्हतेच नव्हते.

"थांबलास का? पत्ता काय घालनार?"

"ते... शेठजींचा..."

पाटलांनी माझ्या मांडीवरचे पत्र उचलले, उलटे धरले, आणि एका ओळीच्या टोकावर बोट ठेवले. "ही शेपटी बघ. ओल सपली का तू आशी शेपटी मारतोस. चिखलातली निवटी मासली उरी मारते ना, तशी. तीन वरसं बघतोय. मना वाचता नाय येत. वलखता येतं."

ओसरीवर कुणी हसले नाही. मला वाटले, हसले असते तर बरे झाले असते.

"आता काय लिवलंय ते वाच."

मग मी माझा राजीनामा, पाटलांना, त्यांच्याच ओसरीवर, दहा माणसांसमोर वाचून दाखवला. चित्ताची ओढ, विद्यार्जन, क्षमायाचना, सगळे. लिहिताना ज्या वाक्यांवर मी स्वतःशीच खूश झालो होतो, तीच आता माशाच्या काट्यासारखी घशात अडकत होती. संपल्यावर पाटलीणबाईंनी विचारले, "म्हनजे काय वो?"

"म्हणजे... शाळेत जायचंय."

"मंग तवरंच म्हनायचं ना!"

पाटील उठले. "चल," म्हणाले, आणि बांधावरून चालू लागले. मी मागोमाग. खाडीला ओहोटी होती. दोन्ही बाजूंना दिवाळीनंतर नव्याने चोपून काढलेली मिठागरे, आणि मधल्या अरुंद बांधावर पुढे त्यांची पाठ. मग पाठमोरेच म्हणाले, "तू गेल्यावं माझी पत्रं कोन वाचनार?"

"दुसरा कारकून मिळेल, पाटील."

"मिलंल. पन तो वाचतो ते खरं का खोटं, मना कसं कलनार? आज तू शेठजी उभा केलास. तुझा हात मना ठाव हाय म्हनून कललं. दुसऱ्याचं कसं कलंल?"

स्वतःची फजिती टाळण्यासाठी मी एक शेठजी बनवला, एवढेच तोवर माझ्या ध्यानात होते. त्या माणसाला तीन वर्षे जगातले जे काही कळत होते ते माझ्या तोंडून, आणि ते तोंड खोटे बोलू शकते हे आज मीच त्याला दाखवून दिले होते. मी त्या क्षणी ठरवले, शाळा गेली खड्ड्यात. म्हटले, "पाटील, मी नाही जात. राहतो."

पाटील वळले. चिडले होते. "आता ह्यो दुसरा कारकून कुठनं आला? ज्यानं दोन ताव लिवले तो कुठं हाय? जायचं का नाय, ते कागदाबिगर सांग."

मी खाडीकडे बघितले, मग त्यांच्याकडे. "जायचंय," मी म्हटले. "मला शाळेत जायचंय, पाटील. तुम्ही सोडलंत तर."

"झालं? मेलास का?"

"नाही."

"मंग आईक. नवा ठेवीन. पन आठ दिसांची पत्रं मी गाठोड्यात ठेवीन. आयतवारी नौपाड्याला येशीलच. तवा हितवर यायचं आनि परत वाचायची. त्यानं काय वाचलं ते मी ध्यानात ठेवीन."

रविवारी दुपारी पाटलांचाच मिठाचा पडाव कल्याणला निघायचा होता, त्यावर त्यांनी मला चढवले. बसायला जागा मिठावरच. कल्याणच्या बंदराला उतरलो तेव्हा एकुलते एक चांगले धोतर पाणी आणि मीठ पिऊन ताठ झाले होते. सोमवारी तेच नेसून मी पहिल्या इयत्तेत मागच्या बाकावर बसलो. गुडघे बाकात मावेनात, अंगाला खाज सुटलेली. शेजारचा आठ वर्षांचा विद्यार्थी मोठ्या सहानुभूतीने म्हणाला, "पहिल्या दिवशी मलापण भीती वाटली होती."

चार वर्षे मी त्या शाळेत काढली आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी कोलशेतला गेलो. सकाळच्या गाडीने ठाणे, आईच्या हातचे दोन घास, आणि मग पायी. पाटील गाठोडे सोडून बसलेले असत. नवा कारकून समोर, माझ्याहून अशक्त आणि माझ्याहून घाबरट. मी वाचायचो, पाटील डोळे मिटून ऐकायचे, मध्येच "हां" म्हणायचे. त्यांचे पाठांतर असे की एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी बोट वर होई. त्या बोटाखाली वाचणे माझ्या शाळेतल्या कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड होते, आणि तितक्या आनंदाने मी कुठल्या परीक्षेला बसलो नाही.

पहिले पाच-सहा रविवार काही चुकले नाही. मग एकदा एका व्यापाऱ्याचे पत्र निघाले. मीठ ओले पोचले म्हणून तो भडकला होता आणि शेवटी त्याने पाटलांना एक शिवी हासडली होती. पाटलांना एकट्यांना नव्हे, वरच्या दोन पिढ्यांसकट. मी वर बघितले. नव्या कारकुनाचा चेहरा धुतल्या मिठासारखा पांढरा. तो डोळ्यांनीच मला विनवत होता. त्याने ती ओळ गाळली होती, हे उघड होते. पाटलीणबाई सूप घेऊन समोर बसलेल्या. ओसरी भरलेली.

मी घसा साफ केला आणि शिवी वाचली. सावकाश, एकही अक्षर न सोडता.

पाटलीणबाई सूप टाकून आत गेल्या. पाटलांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिले, मग नव्या कारकुनाकडे, आणि इतके हसू लागले की त्यांना ओसरीचा खांब धरावा लागला.

"ह्ये तू नाय वाचलंस!" ते त्याला म्हणाले. तो बिचारा रडकुंडीला आला. पाटलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाले, "भिऊ नको. ह्यो पन आदी आसाच हुता."